कोंपिएञच्या सोळा रक्तसाक्षी आणि आजचा रंगमंच

१७ जुलै १७९४ रोजी फ्रान्समधील कोंपिएञच्या कार्मेल मठातील सोळा स्त्रियांचा पॅरिस येथे गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. पोप पायस दहावे यांनी १९०६ साली त्यांना ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचा समावेश संतमालिकेत केला. परंतु त्यापूर्वीच त्यांची कथा जगभर नेली ती रंगभूमीने. फ्रान्सिस पूलँक यांची ‘कार्मेल भगिनींचे संवाद’ ही संगीतिका १९५७ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम सादर झाली.

ह्या संगीतिकेची नायिका ब्लांश इतिहासात नाही. जर्मन लेखिका गेरट्रूड फॉन ल फोर यांनी १९३१ च्या दीर्घकथेत ती निर्माण केली आणि जॉर्ज बेर्नानोस यांनी त्या कथेवर संवाद रचले. जन्मजात भित्री अशी ही मुलगी मठात येते व ख्रिस्ताच्या गेथशेमनीतील यातनेचे नाव धारण करते. वृद्ध मठाध्यक्षा क्रुआसी अंथरुणावर भयाने तळमळत प्राण सोडतात. खऱ्या मदर क्रुआसी गिलोटिनखालीच गेल्या होत्या! मग हा बदल कशासाठी? त्याचे उत्तर धाकटी कॉन्स्टान्स देते. मदरांना दुसऱ्याच कोणाचे तरी मरण चुकून मिळाले असावे, असे तिला वाटते; त्या दुसरीला आपले मरण सोपे जाईल.

अखेरच्या प्रवेशात भगिनी ‘साल्वे रेजिना’ गातात. रोझरीच्या शेवटी आपण म्हणतो तीच ही मरियास्तुती. पाते पडते आणि एक आवाज कमी होतो. पुन्हा पडते, आणखी एक कमी होतो. शेवटी एकटी कॉन्स्टान्स उरते, तेव्हा पळून गेलेली ब्लांश गर्दीतून शांतपणे पुढे येते. मदरांचे सोपे मरण तिच्या वाट्याला आलेले असते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात १९७७ साली जॉन डेक्स्टर यांनी सारा रंगमंच एका पांढऱ्या क्रुसाच्या आकाराचा केला. पॅरिसमध्ये २०१३ साली ऑलिव्हिए पी यांनी भगिनींकडूनच शुभवर्तमानातील देखावे उभे करविले. ह्याउलट म्युनिकमध्ये २०१० साली द्मित्री चेर्न्याकोव्ह यांनी मठाच्या जागी आजच्या काळातील लाकडी खोपटे आणले. तेथे विषारी वायूत कोंडलेल्या स्त्रियांना ब्लांश एकेक करून बाहेर काढते आणि स्वतः स्फोटात मरते.

बेर्नानोस व पूलँक यांचे वारस न्यायालयात गेले. २०१५ साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने ह्या प्रयोगाच्या चित्रफितीची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने तो रद्द केला आणि २०१८ मध्ये वर्साय येथे वारसांची मागणी फेटाळली गेली.

आम्हांला हा निर्णय योग्य वाटतो. एकीने दुसरीसाठी मरणे हे तर बेर्नानोस यांचेच सूत्र, आणि इतिहास त्यांनीही बदललाच होता. आमची तक्रार वेगळी आहे. म्युनिकच्या रंगमंचावर पात्याचा प्रत्येक आघात होतो तेव्हा एक स्त्री वाचत असते, आणि संगीतातील आवाज मात्र एकेक करून नाहीसे होत असतात.