वाळूचा झोत आणि कोरा रकाना

यंत्रांचा इतिहास लिहिणारे शोध कोणी लावला ते सांगतात. यंत्र कोणाच्या हाती दिले गेले आणि त्या माणसाचे पुढे काय झाले, ते सांगत नाहीत. लोखंडावरचा गंज, जुना रंग, ओतीव मालाला चिकटलेली वाळू झोताने उडवून पृष्ठभाग साफ करणाऱ्या ब्लास्टिंग यंत्राचा इतिहासही असाच अर्धा लिहिला गेला आहे. एका ओतशाळेत काही वर्षे मी हे काम केले, म्हणून उरलेला अर्धा मांडतो आहे.

१८७० साली अमेरिकेत बेंजामिन च्यू टिल्घमन याने वाळूच्या झोताचे पेटंट घेतले. यादवी युद्धात हाच टिल्घमन काळ्या सैनिकांच्या एका पलटणीचा कर्नल होता. अशा माणसाच्या शोधाने पुढे कष्टकऱ्यांचीच फुप्फुसे पोखरली. लोखंडावर आपटून वाळूचा कण फुटतो आणि त्यातून सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. ती फुप्फुसात रुतून बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही.

हे कोणाला ठाऊक नव्हते, असे नाही. १९३० साली जोहान्सबर्ग येथे या रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतील ओतीव मालाच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूला बंदी केली. बंदिस्त खोली, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे हेल्मेट, यंत्राची ठरावीक मुदतीने तपासणी हे सारे कागदावर आले. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाना नियमांनीही ब्लास्टिंगची गणना धोकादायक कामांत केली.

आणि प्रत्यक्षात? नोझलला दाबून धरायची मूठ असते. हात सुटला की झोत थांबावा, यासाठीच ती असते. आमच्या खात्यात मुकादम ती तारेने बांधून ठेवी, कारण झोत थांबला की काम थांबते. होस आतून झिजत जातो. तो दर पाळीला चाचपावा, सांधे तपासावेत, डस्ट कलेक्टरच्या पिशव्या वेळेवर बदलाव्यात, आत शिरण्यापूर्वी स्विच बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवावा. हे आम्हाला कोणी शिकवले नाही. जखमांनी शिकवले. हेल्मेट तिघांत एक होते, आणि त्याची काच इतकी खरवडलेली की माणूस ते काढूनच काम करी.

त्या खात्यात कोण होते, हा खरा प्रश्न आहे. लेथवर निराळी आडनावे होती. ब्लास्टिंगला आमच्या वस्तीतली पोरे, तीही कंत्राटदाराची. हा योगायोग नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना साचेखात्यात, म्हणजे जास्त मजुरीच्या कामावर, मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला, तेव्हा कामगार-एकीच्या घोषणा देणाऱ्यांची अडचण झाली. तिथे स्वच्छ आणि चांगल्या मजुरीच्या कामाचे दार आमच्यासाठी बंद होते. इथे धुळीचे दार सताड उघडे. दोन्ही दारांवर पहारेकरी एकच.

माझ्या बरोबरीचे काही जण खोकत गेले. दवाखान्याच्या कागदावर ‘क्षय’ लिहिले होते. सिलिकोसिस हा नुकसानभरपाईस पात्र व्यावसायिक रोग होता. पण त्यासाठी हे काम आपण केले याचा पुरावा लागे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव नव्हते. यंत्राच्या देखभालीची नोंदवही मात्र होती: तेल कधी घातले, होस कधी बदलला, मोटर कधी जळाली. यंत्राचे आजारपण तारखेसह लिहिले होते. चालवणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा होता.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षिततेबाबत माहिती मिळवण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आला. हक्क कागदावर येणे आणि हातात येणे यांतले अंतर आपल्याला नवे नाही. म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. कारखान्याच्या दारात भाषण करण्याआधी आत कोणती वाळू वापरतात ते विचारा. नोझलची मूठ बांधलेली आहे का ते पाहा. त्या कोऱ्या रकान्यात रोज नाव लिहिले जावे, असा आग्रह धरा. आपला इतिहास लिहायला उद्या कोणी बसेल, तेव्हा त्याला आणि त्याआधी एखाद्या विधवेला, ती एक ओळ हाताशी लागेल.