उप्सालाच्या कुरणात केसर मोजताना

चला, सकाळचे आठ वाजत आले! स्वीडनमधल्या उप्सालाच्या वेशीवर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस गुरुजींचे विद्यार्थी जमलेत आणि त्यांत तुम्हीही आहात. अंगात सैल लिननचे कपडे, डोक्यावर रुंद काठाची टोपी, खिशात भिंग, खांद्याला डबा. मागून धक्का बसतोय, पुढे कुणाचा तरी घामेजलेला खांदा. शंभरावर पोरं आहेत आणि सगळी एकदम बोलतायत. वाट जुन्या उप्सालाकडे जाते, तिथल्या थडग्यांची तीन मोठी टेकाडं समोर दिसतायत. जून महिना. ऊन चांगलंच लागतंय, डास कानाशी गुणगुणतायत आणि तुडवलेल्या गवताचा ओला, हिरवा वास नाकात भरलाय.

गवताला कुठे फुलं असतात, असं मनात आलं ना? गुडघे टेका. ती लोंबी भिंगाखाली धरा. तुसांच्या फटीतून केसाएवढ्या दोऱ्यांवर काहीतरी लोंबतंय. टिचकी मारा, नखावर पिवळी पूड पडेल. ते पुंकेसर. मोजा. तीन! शिवाय पिसांसारखे दोन कुंचले परागाची वाट बघतायत. रंग नाही, मध नाही. सगळं वाऱ्याच्या भरवशावर. गुरुजी वनस्पतींचे वर्ग मुख्यतः पुंकेसर मोजून पाडतात; तीन केसर म्हणजे तिसरा वर्ग, ट्रायँड्रिया. शेजारचा भराभर लिहून घेतोय.

आता ही दुसरी, पिवळसर लोंबी. काडी चावून बघा. वाळत घातलेल्या चाऱ्याचा गोड वास येतो की नाही? अँथोझँथम. पेरं गवताची, पातं गवताचं. पण केसर? दोनच. झालं, ती दुसऱ्या वर्गात जाऊन बसली, जाई आणि पारिजातकाच्या पंगतीला! आपला भात तर सहा केसरांचा. गुरुजींच्या हिशेबात तो कांद्याच्या वर्गात. मक्याचे तुरे वेगळे, कणसं वेगळी, म्हणजे नर-मादी फुलं एकाच झाडावर पण निरनिराळी, म्हणून तो थेट एकविसाव्या वर्गात.

मला ही मोजणी मनापासून आवडते. नवखा पोरगाही बोटं मोजून अनोळखी झाडाचं घर शोधू शकतो, ही केवढी सोय! पण घर सापडलं तरी भावकी सापडत नाही, हे गुरुजींनाही ठाऊक आहे. त्यांच्या १७५१च्या 'फिलॉसॉफिया बोटॅनिका'मध्ये नैसर्गिक कुळांची निराळी यादी आहे आणि तिथे गवतं 'ग्रामिना' या एकाच नावाखाली नांदतात.

दोनला जेवण. मग पुन्हा चाल, पुन्हा वाकणं. पाठ मोडून निघते.

अंधार मात्र पडत नाही. रात्रीचे आठ वाजून गेलेत तरी उजेड आहे. शिंगं फुंकली जातात, नगारा धडधडतो, निशाणं वर होतात आणि टोप्यांत फुलं खोचलेली अख्खी मिरवणूक गावात शिरते. वनस्पतिबागेच्या दाराशी सगळे ओरडतात, 'व्हिवाट लिनियस!', म्हणजे लिनियस चिरायू होवोत! तुमचाही घसा बसलाय. टोपी काढून वारा घेता, तेवढ्यात सकाळी खोचलेली ती दोन केसरांची काडी हातात येते. दिवसभराच्या उन्हात वाळलीय, आणि वास सकाळपेक्षा कितीतरी गोड झालाय.