बायबलची ईश्वरप्रेरितता व प्रामाण्य
बायबल हा ग्रंथ मानवी लेखकांच्या हातून, परंतु ईश्वराच्या प्रेरणेने लिहिला गेला आणि म्हणून तो श्रद्धा व आचरण यांबाबत प्रमाण आहे, हा ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत सिद्धांत. त्याचा प्रमुख आधार नव्या करारातच सापडतो. तीमथ्याला उद्देशून असलेल्या दुसऱ्या पत्रात धर्मशास्त्राला ‘थिओप्न्यूस्टॉस’ हे ग्रीक विशेषण लावले आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘ईश्वराने श्वसित केलेले’ असा होतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातही संदेष्टे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलले, असे म्हटले आहे. मात्र ही पत्रे लिहिली गेली, तेव्हा नवा करार ग्रंथरूपाने सिद्ध झालेला नव्हता. त्यामुळे तेथील ‘धर्मशास्त्र’ या शब्दाने मुख्यतः ज्यूंचे धर्मग्रंथ अभिप्रेत होते.

कोणते ग्रंथ प्रेरित मानावयाचे, हे ठरण्यास काही शतके लागली. दुसऱ्या शतकात मार्शनने जुना करार सर्वस्वी नाकारल्यामुळे हा प्रश्न निकडीचा झाला. नव्या करारातील आज मान्य असलेल्या २७ ग्रंथांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या इ. स. ३६७ मधील पत्रात आढळते. जुन्या कराराविषयीचा मतभेद मात्र टिकून राहिला. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकूण ६६, तर कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत. धर्मसुधारणेच्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर याने केवळ धर्मशास्त्र हेच अंतिम प्रमाण मानले. उलट ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये धर्मशास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा यांना सारख्याच आदराचे स्थान दिले. पोपचे प्रामाण्य नाकारणाऱ्यांना ग्रंथाच्या प्रामाण्यावर अधिक भार द्यावा लागला. त्यामुळे पुढील चिकित्सेचा आघातही प्रॉटेस्टंट पंथांना विशेष तीव्रतेने जाणवला.

ही चिकित्सा दोन प्रकारची होती. पाठचिकित्सेत हस्तलिखितांची तुलना करून मूळ संहितेचा शोध घेतला जातो. इरॅस्मसने १५१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीक नव्या करारात त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख असलेले योहानाच्या पहिल्या पत्रातील वाक्य गाळले होते, कारण ते त्याला ग्रीक हस्तलिखितांत आढळले नव्हते. त्यावर मोठा गदारोळ झाला व १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते समाविष्ट केले. आधुनिक संपादक ते प्रक्षिप्त मानतात. मार्काच्या शुभवर्तमानातील शेवटची बारा वचनेही चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. दुसरीकडे, १९४७ पासून कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांमुळे जुन्या कराराच्या संहितेला भक्कम पुरावा मिळाला. त्यांतील यशयाच्या ग्रंथाची प्रत पूर्वी उपलब्ध असलेल्या हिब्रू प्रतींहून सु. एक हजार वर्षांनी जुनी असून पुष्कळ किरकोळ पाठभेद असूनही ती परंपरागत संहितेशी बऱ्याच अंशी जुळते. अर्थात, संहिता विश्वसनीयपणे जतन झाली, एवढ्यावरून तिच्यातील कथन ऐतिहासिक ठरत नाही.

दुसऱ्या प्रकारची चिकित्सा ग्रंथांच्या रचनेची व इतिहासाची होय. स्पिनोझा (१६७०) व रीशार सीमाँ (१६७८) यांनी पंचग्रंथ सर्वस्वी मोशेने रचले, या समजुतीस आव्हान दिले. यूलिउस व्हेलहाउझेन याने १८७८ मध्ये त्यांच्या मागील विविध स्रोतांची उपपत्ती पद्धतशीरपणे मांडली. या वादाचे नैतिक स्वरूप नाताळचा अँग्लिकन बिशप कोलेन्सो याच्या प्रकरणात स्पष्ट होते. बायबलच्या झुलू भाषांतरास साहाय्य करणाऱ्या एका झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाची कथा खरी आहे काय, असे त्यास विचारले. स्वतःचा विश्वास नसलेली गोष्ट खरी म्हणून सांगणे कोलेन्सोला अप्रामाणिक वाटले. १८६२ पासून त्याने पंचग्रंथांतील आकडे व वर्णने यांतील विसंगती प्रसिद्ध केल्या. केपटाउनच्या बिशपने त्यास पदच्युत केले. परंतु प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तो निर्णय अधिकारबाह्य ठरविला.

चिकित्सेची प्रतिक्रिया म्हणून अमेरिकेत हॉज व वॉरफील्ड यांनी १८८१ मध्ये मूळ संहिता सर्वस्वी निर्दोष असल्याचे प्रतिपादन केले. १९७८ च्या शिकागो निवेदनानेही हीच भूमिका मांडली. कार्ल बार्टच्या मते बायबल हे ईश्वरी प्रकटीकरणाची मानवी साक्ष असून तिच्या द्वारा ईश्वर बोलतो. कॅथलिक चर्चने १९४३ मध्ये वाङ्‌मयप्रकारांच्या अभ्यासास उत्तेजन दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये बायबलमधील सत्याचा संबंध मानवाच्या तारणाशी जोडला.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. केवळ चर्चच्या अधिकारावर सिद्धांत स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला व बायबल स्वतः वाचून निर्णय करण्याचा हक्क मागितला. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रेरितता ही श्रद्धेची बाब असल्याने इतिहाससंशोधन तिला सिद्ध वा असिद्ध करू शकत नाही. परंतु बायबलमधील एखादी घटना घडली किंवा नाही, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो. या दोहोंतील सीमा कोठे आखावी, यावरच ख्रिस्ती पंथांतील मतभेद मुख्यतः आधारलेले आहेत.