बदली कार्ड

आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत, रेशनकार्डांच्या आणि पंढरपूरच्या फोटोच्या खाली, बाबांचं बदली कार्ड आहे. पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेले, मागच्या बाजूला शिक्क्यांची गर्दी. आमच्या मुलीला वाटलं, आजोबांची कुठेतरी बदली झाली असेल. तिला सांगावं लागलं की गिरणीतला 'बदली' म्हणजे माणूस. कायम कामगार खाड्यावर गेला की त्याच्या साच्यावर उभा राहतो तो बदली.

मी चाळीसेक वर्षं माणसांच्या खात्यात काढली. माझ्या दारावरची पाटी आधी 'लेबर ऑफिसर' होती, मग 'पर्सोनेल' झाली, शेवटी 'एचआर'. निवृत्तीनंतर कधीकधी तरुण एचआरवाल्यांपुढे बोलायला बोलावतात. मंदीत कंपनी बदलायची आणि तो बदल टिकवायचा, हे संकट आपल्याच पिढीवर कोसळलंय असा त्यांचा समज असतो. त्यांना मी सांगतो, बाबांनो, आपली ही खुर्चीच मंदीनं बनवलेली आहे.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली आणि जपानी कापडाशी गाठ पडली, तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांना खर्च कापण्याचा एकच रस्ता दिसला. 1925 मध्ये त्यांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. संप झाला, सरकारनं कापडावरचं उत्पादन शुल्क उठवलं, कपात मागे घ्यावी लागली. मग आलं 'रॅशनलायझेशन': साळखात्यात, म्हणजे विणकामात, दोन साच्यांऐवजी तीन साचे, त्रासनात, म्हणजे सूतकताईत, एका बाजूऐवजी दोन बाजू. 1928 मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले. योजना कागदावर चुकीची नव्हती असं मला आजही वाटतं. सूत चांगलं असेल तर तीन साचे एकट्याला झेपतात. पण वाईट सूत देऊन तीन साचे चालवायला सांगितले, तर तुटलेले धागे जोडण्यातच पाळी संपते. मजुरी कापडावर, म्हणजे नुकसान कामगाराच्या खिशातून. हे हिशेब करणाऱ्याला दिसलं नाही, कारण तो खात्यात उतरलेलाच नव्हता.

खात्यात जॉबर होता, म्हणजे मुकादम. माझे आजोबा कोकणातून बोटीनं आले ते गावच्याच एका जॉबरच्या भरवशावर. जॉबरनं कामाला लावलं, गाळ्यात पथारीपुरती जागा दिली, पहिल्या पगारापर्यंत खानावळीला हमी दिली. बदल्यात दस्तुरी. पगाराच्या दिवशी जॉबर गेटबाहेर उभा असे, खिशात छोटी वही. कोणी किती दिले ते लिहायला त्याला पेन्सिल लागत नसे, पण वही तो दाखवायचा. आजोबांनी त्याला शिव्याही घातल्या आणि मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीलाही बसवलं.

1931 मध्ये कामगारविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. व्हिटली हे त्याचे अध्यक्ष. माणूस कामावर घ्यायचा आणि काढायचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या, त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा, आणि तो थेट मॅनेजरलाच जबाबदार असू द्या, अशी त्यात शिफारस होती. शिफारशी धूळ खात पडतात. ही पडली नाही, कारण जागतिक मंदीनं धूळ बसायला वेळच दिला नाही. गिरण्या बंद पडत होत्या, मजुरी पुन्हा कापली गेली, 1934 मध्ये पुन्हा मोठा संप झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारनं तंटे मिटवण्याचा कायदा करून सरकारी लेबर ऑफिसर नेमला. गिरण्यांतही हळूहळू असे अधिकारी आले. 1935 मध्ये गिरणीमालक संघानं बदली नियंत्रण योजना आणली: महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक जणांना कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर राहायचं, जागा रिकामी झाली की आधी कार्डवाला. गेटवरच्या गर्दीतून जॉबरनं बोट दाखवून माणूस उचलायचा, ते बंद.

निदान ठरलं तरी तसं होतं. कार्ड कोणाला द्यायचं हे लेबर ऑफिसर ठरवणार, पण तो विचारणार कोणाला? जॉबरलाच. ऑफिसर उसनवार देत नव्हता, गाळ्यात जागा शोधत नव्हता, गावाहून आलेल्या भाच्याला ओळखत नव्हता. ही कामं कुणी उचलेपर्यंत परिपत्रकानं जॉबर जाणार नव्हता. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणगावावर लिहिताना जॉबरच्या सत्तेलाही मर्यादा होत्या हे दाखवलं आहे. माणसं टिकवायची तर त्यालाही त्यांचं मन राखावं लागे. आजोबांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या मला ते वाचून नवल वाटलं नाही.

मग मात्र भराभर संस्था उभ्या राहिल्या. 1936 मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टिस, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. 1947 मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट आली. 1948 च्या फॅक्टरी कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. 1950 मध्ये बदल्यांची मध्यवर्ती नोंदणी सुरू झाली, आणि बाबांच्या हातात कार्ड आलं. कोणाच्या पाया न पडता मिळालेलं. म्हणून ते पेटीत आहे.

सत्याहत्तर साली मी लालबागच्या एका गिरणीत सहायक लेबर ऑफिसर म्हणून लागलो. सातच्या पाळीआधी पावणेसातला गेटच्या आत बदल्यांची रांग. टाइमकीपर खात्याखात्यांतले खाडे पुकारी: त्रासन चार, साळ अकरा. उरलेले शिक्का मारून घेत आणि साडेतीनला पुन्हा येत. मी एकाचं कार्ड पाहिलं, बारा वर्षं बदली. त्याला म्हटलं, कायम का नाही झालास? तो म्हणाला, "साहेब, ते तुमच्याच टेबलावर अडकलंय." उत्तर देता आलं नाही. मंदीतली तात्पुरती सोय चार दशकं टिकली होती, आणि टिकल्यामुळेच कुजली होती. कामाला वाव असताना माणूस बदली ठेवला की मालकाचं स्वस्तात भागतं. 18 जानेवारी 1982 ला कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, त्या मागण्यांत बदल्यांना कायम करा हीही एक होती.

त्या संपानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. आमची गिरणी नावापुरती उघडली, मी ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात गेलो.

तिथे 1993 मध्ये तीन साच्यांचीच गोष्ट पुन्हा आली: एका माणसानं दोन मशीन. मी स्टॉपवॉच युनियनच्या सेक्रेटरीच्या हातात दिलं. मोज म्हटलं, तुझा आकडा आधी. तीन आठवडे तो आणि आमचा इंजिनिअर एकाच स्टुलावर आळीपाळीनं बसले. माल खराब आला की मिनिटं वजा. वाचलेल्या पैशातला वाटा पगारात. करार झाला, आणि मी निवृत्त होईपर्यंत कोणी तो मोडायला निघालं नाही. मात्र त्याच कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजनाही मीच राबवली, आणि रिकाम्या झालेल्या जागांवर कंत्राटी पोरं घेतली. सह्या माझ्याच.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एकदा पहाटे लवकर पोहोचलो. पावणेसातची वेळ. गेटबाहेर ठेकेदाराची तीसेक पोरं रांगेत, पुढे त्यांचा मुकादम. बोट दाखवत होता: तू, तू, तू नको. वरच्या खिशात छोटी वही. मी विचारलं, यात काय लिहितोस?

"काही नाही साहेब," तो वही आत सारत म्हणाला, "पोरं चहापाण्याला देतात, त्याचा हिशेब."