नवोदय प्रवेश : गावाकडच्या जागा नेमक्या कोणाच्या?

पाचवीत पोरगं हुशार निघालं की घरात, शाळेत एकच विषय निघतो : नवोदयचा फॉर्म भरायचा का? जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची सहावी ते बारावीची निवासी शाळा. १९८५-८६ मध्ये देशात पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, त्यातली एक आपल्या महाराष्ट्रात, अमरावतीला. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून दरमहा विकास निधी द्यावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना तोही माफ.

परीक्षा कशी असते?
वेळ २ तास, प्रश्न ८०, गुण १००. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न (५० गुण), अंकगणिताचे २० (२५ गुण) आणि भाषेचे २० (२५ गुण). पेपर मराठीतून देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. संधी मात्र एकदाच. दुसऱ्यांदा बसता येत नाही.

जागा कशा वाटतात?
सहावीत जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ८० पैकी ६०, ग्रामीण भागासाठी. उरलेल्या जागा गुणवत्तेवर, शहर आणि गाव दोघांनाही खुल्या. किमान एक तृतीयांश जागा मुलींना. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांनाही आरक्षण आहे.

'ग्रामीण' कोण?
खरी मेख इथंच आहे. घर गावात आहे, सातबारा गावचा आहे, एवढ्यानं भागत नाही. नियम शाळेचा पत्ता बघतो. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली पाहिजेत. यातला एक दिवसही शहरी शाळेत गेला, तर मूल शहरी धरलं जातं.

अनेक गावांत झेडपीची शाळा चौथीपर्यंतच असते. पाचवीला पोरं तालुक्याच्या हायस्कूलला जातात. ते नगरपंचायत किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर वाडीवरून रोज एसटीनं जाणारं पोरगंही शहरी ठरतं. उलट शहरात राहणारं, पण जवळच्या खेड्यातल्या खासगी शाळेत शिकणारं मूल ग्रामीण जागेवर दावा करू शकतं.

मग हे न्याय्य आहे का?
शाळेचा दाखला तपासणं सोपं, राहण्याचा पुरावा कसाही जोडता येतो, म्हणून शाळेचा निकष बरा, असं म्हणता येतं. त्यात तथ्य आहे. पण इथं उत्पन्नाची अट नाही. शेतमजुराचं मूल आणि नवोदयची शिकवणी लावलेलं नोकरदाराचं मूल एकाच यादीत येतात. ऊसतोड कुटुंबांची अडचण आणखी मोठी. मुलानं त्याच जिल्ह्यात पाचवी शिकलं पाहिजे, ही अट आहे. आणि ऐन शाळेच्या दिवसांत आई-बापाचं बिऱ्हाड दुसऱ्या जिल्ह्यात, कारखान्याच्या फडात असतं. परीक्षा सगळ्यांना सारखी असली तरी तयारीची संधी सारखी नसते.

पालकांनी काय करावं?
• मूल दुसरीत असतानाच ठरवा. पाचवीत जागं होऊन उपयोग नाही.
• पाचवीसाठी शाळा बदलताना ती ग्रामपंचायत हद्दीत आहे की नगरपंचायत, हे आधी विचारा.
• हंगामाला जाणाऱ्यांनी मुलाचं नाव शाळेतून काढू नका. हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय आधीच बघा.
• मुख्याध्यापकांच्या सहीच्या प्रमाणपत्रात शाळा ग्रामीण की शहरी, जन्मतारीख, नाव नीट वाचूनच अपलोड करा.
• फॉर्मला शुल्क नाही. जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात फॉर्म भरायला मदत मिळते. 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

गावाच्या नावानं ठेवलेल्या जागा आहेत. त्या गावच्या पोरांनाच मिळायच्या, तर हा नियम तिसरीच्या वर्गातल्या आई-बापापर्यंत पोहोचला पाहिजे. पुढच्या पालकसभेत गुरुजींनी एवढं सांगितलं, तरी एखाद्या लेकराचं वर्ष वाचेल.