पालांचा मुक्काम आणि आपली सहल

उन्हाळा आला की आपण एडिनबराकर मंडळी गाडीत तंबू टाकून हायलँड्सकडे निघतो. लॉक लोमंड परिसरातले काही किनारे सोडले, तर मोकळ्या माळावर दोन रात्री तंबू ठोकायला कोणाची परवानगी लागत नाही, याचे भारतातून आलेल्या पाहुण्यांना मोठे कौतुक वाटते. हा हक्क स्कॉटिश पार्लमेंटच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मिळाला. त्याआधीचा इतिहास मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

याच दऱ्याखोऱ्यांत पिढ्यानपिढ्या पाले ठोकून राहणारा एक समाज आहे. त्यांना 'ट्रॅव्हलर' म्हणतात. 'टिंकर' हे जुने नाव आता अपमानास्पद मानले जाते. पत्र्याची भांडी घडवणे, घोड्यांचा व्यापार, नदीतल्या शिंपल्यांतून मोती काढणे आणि ब्लेअरगौरीच्या मळ्यांत रास्पबेरी तोडणे यावर त्यांचे पोट चाले. १८६५ च्या ट्रेसपास कायद्याने जमीनमालकाच्या संमतीवाचून मुक्काम करणे गुन्हा ठरला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७१ मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि आपल्याकडचे पारधी, कैकाडी जन्मतःच गुन्हेगार ठरले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून या जमातींना आपण 'विमुक्त' म्हणतो. दोन्ही कायद्यांमागची नजर एकच होती : ज्याला पत्ता नाही, तो संशयित.

स्कॉटलंडमध्ये १९४० च्या दशकापासून ट्रॅव्हलर कुटुंबांना निकृष्ट घरांत बसवून त्यांची भटकंती मोडण्याचे प्रयोग झाले. त्याबद्दल फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी जून २०२५ मध्ये जाहीर माफी मागितली.

याउलट एक चांगले काम आपल्याच शहरातून झाले. एडिनबरा विद्यापीठात १९५१ साली स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज स्थापन झाले. तिथले हॅमिश हेंडरसन टेपरेकॉर्डर घेऊन रास्पबेरीच्या मळ्यांत, पालांच्या शेकोटीपाशी जाऊन बसले. १९५३ मध्ये ॲबरडीनला त्यांना जीनी रॉबर्टसन भेटल्या. ज्या पोवाड्यांवर आणि कथांवर आज स्कॉटिश माणूस अभिमानाने बोलतो, त्यांतल्या कितीतरी या बेघर मानलेल्या लोकांनी तोंडपाठ जपल्या होत्या.

निसर्गाचा प्रश्न याहून अवघड आहे. नदीतला मोत्याचा शिंपला शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो. तो संपत चालल्यामुळे १९९८ पासून मोती काढण्यावर पूर्ण बंदी आली. बंदी आवश्यकच होती; पण तिच्याबरोबर एक पिढीजात धंदाही बुडाला. आणि २००३ चा हक्क फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे, पाल हेच ज्याचे घर त्याच्यासाठी नाही. १८६५ चा कायदा अजून रद्द झालेला नाही. हौसेचा तंबू चालतो, गरजेचे पाल चालत नाही, हे मला खटकते.

आपल्या महाराष्ट्रात एक बरा मार्ग दिसतो. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात, वाटेत शेतकरी लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. ज्या माळांवर या मेंढ्या चरतात, तिथेच लांडगा आणि चिंकारा राहतात. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनविभागाने २०२४ मध्ये गवताळ माळरानाची सफारी सुरू केली. तिथे वाट दाखवणारे तरुण आसपासच्या गावचेच असतात. माळ टिकला तर गावात रोजगार येतो, हे एकदा पटले की माळ राखायला गावच पुढे येते. धनगरांनाही त्यात वाटा मिळायला हवा.

इकडे आपल्याला काय करता येईल? इन्व्हरॅरीला जाताना लॉक फाइनच्या वर, केर्नडाउजवळ 'टिंकर्स हार्ट' पाहा. पांढऱ्या गारगोट्यांनी जमिनीवर मांडलेले हे हृदय ट्रॅव्हलर लोकांचे लग्न लावण्याचे ठिकाण. त्यांनीच नेटाने मागणी लावून धरली, म्हणून २०१५ मध्ये त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. दगड हलवू नका, आठवण म्हणून एखादा उचलू नका. रॉयल माइलवरच्या स्टोरीटेलिंग सेंटरमध्ये ट्रॅव्हलर कथाकाराचा कार्यक्रम असेल, तेव्हा तिकीट काढून मुलांना न्या. आणि सहलीच्या वाटेवर एखादा तळ दिसला, तर न विचारता कॅमेरा काढू नका. ते कोणाचे तरी अंगण आहे.