ढगात हरवलेले क्षितिज

३ फेब्रुवारी १९५९. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मेसन सिटी येथून रात्री एकच्या सुमारास बोनान्झा जातीचे एक लहान विमान उडाले. आत तीन गायक होते. त्यांपैकी बडी हॉली अवघा २२ वर्षांचा. वैमानिक २१ वर्षांचा. काही मिनिटांतच विमान शेतात कोसळले आणि चौघेही मरण पावले. इंजिनात बिघाड आढळला नाही.

आकाश ढगाळ होते, हलका बर्फ पडत होता, जमिनीवर दिवे तुरळक होते. क्षितिज दिसत नव्हते आणि केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची पात्रता वैमानिकाकडे नव्हती. विमानाचे नाक वर आहे की खाली हे दाखवणारे उपकरणही त्याच्या सवयीच्या नेमके उलट दर्शवणारे होते.

पण क्षितिज दिसले नाही, तर विमान का पडावे? डोळे मिटूनही आपला तोल राहतोच ना? याचे उत्तर वर्गातच शोधू या. विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला फिरत्या खुर्चीवर बसवा आणि खुर्ची एकाच संथ वेगाने फिरवा. पंधरा-वीस सेकंदांनी तो म्हणेल, "थांबलो." खुर्ची खरोखर थांबवली की म्हणेल, "आता उलटा फिरतोय!" आपल्या कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव फक्त वेगातील बदल टिपतो. गती एकसारखी झाली की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि संवेदना मावळते. १९२६ मध्ये अशा खुर्चीत अमेरिकी लष्कराचा अनुभवी वैमानिक विल्यम ऑकर हाही फसला. वळण दाखवणारे जायरोस्कोपचे उपकरण सोबत घेऊन बसला, तेव्हा मात्र त्याची उत्तरे बरोबर आली.

मग विमानात ओळंबा टांगला तर? उपयोग नाही. कलून नीट वळणाऱ्या विमानात गुरुत्व आणि वळणाचा परिणाम मिळून ओळंबा विमानाच्या तळाकडेच रोखलेला राहतो. वैमानिकाला आपण सरळ जात आहोत असे वाटते. प्रत्यक्षात विमान कलत, वेग वाढवत खाली घसरते. तो नाक वर खेचतो आणि गिरकी अधिकच आवळते.

१९२९ मध्ये जिमी डूलिटलने झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणे पाहून विमान उडवले आणि उतरवले. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांचा सराव नसलेल्या २० जणांची परीक्षा घेतली. बाहेरचे दिसेनासे केल्यावर त्यांचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. वीसपैकी एकही वाचला नसता. थोड्या प्रशिक्षणानंतर मात्र हेच लोक विमान वळवून मागे फिरू शकले. तेही विमान बोनान्झाच होते.

म्हणजे त्या रात्रीच्या पाच वर्षे आधी हे ज्ञान उपलब्ध होते. पण चौकशीत आढळले, की हवामानाचे महत्त्वाचे इशारे वैमानिकापर्यंत पोचलेच नव्हते आणि उड्डाणाचा निर्णयच अविचाराचा होता. आजही लहान विमाने अशाच ढगात शिरतात. खुर्चीचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: आपली संवेदना आणि उपकरण यांत मतभेद झाला, तर खरे कोणाचे मानायचे, आणि मुळात परत कधी फिरायचे?